आमच्या माळाचा सातबारा

आमच्या बौद्धवाडीच्या मागं एक माळ होता. बावीस गुंठ्यांचा. एका कडेला करंजाची दोन झाडं, दुसऱ्या कडेला ओहळ, मधे एक काळा खडक आडवा पडलेला. पावसाळ्यात कमरेएवढं गवत. दिवाळीनंतर गवत कापून झालं की माळ पोरांचा. गावाचं नाव मी लिहीत नाही. कर्जतहून खोपोलीला जाणारी लोकल पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी अशी थांबत जाते, त्या पट्ट्यात कुठंतरी आहे एवढं पुरे. नाव लिहिलं तर माणसं ओळखू येतील, आणि या गोष्टीत माणसांच्या सह्या आहेत. माझ्या बापाची आहे. एका अर्थानं माझीही आहे, ते पुढं सांगतो.

मी खोपोलीकडं एका कागदाच्या मिलमध्ये कंत्राटावर आहे. रद्दीच्या गाठी फोडून पल्परमध्ये ढकलायच्या, हे माझं काम. दहावीनंतर माझी शाळा सुटली. पुढचं सगळं शिक्षण रद्दीत झालं. गाठी फोडताना एखादं पुस्तक हाताला लागतं, पानं फाटलेली, कधी पुढचा भाग नाही, कधी शेवटच नाही. मुकादमाची नजर चुकवून ते शर्टात घालायचं. अशी कितीतरी पुस्तकं मी शेवटाशिवाय वाचली आहेत. कविता पण तिथंच शिकलो. तेव्हा माझ्या लिहिण्यात सुरुवात-शेवट नीट नसला तर समजून घ्या.

माळावर काय काय व्हायचं? संध्याकाळी कबड्डी. मातीवरची. रायगडच्या पोराला कबड्डी शिकवावी लागत नाही. मे महिन्यात क्रिकेट, तेव्हा तो खडक म्हणजे आमचा मिडऑफ. खडकाला चेंडू लागला तर दोन रन, असा आमचा कायदा. करंजाखाली म्हातारे पत्ते कुटत बसायचे. रमी म्हणायचे, पण पैसे लावून तीनपत्तीच चालायची हे सगळ्यांना ठाऊक. भांडणं व्हायची, डोकी फुटायची. दारू प्यायलेला माणूस घरी जायच्या आधी तिथंच खडकावर अंग टाकायचा. उगाच माळाला स्वर्ग करून सांगत नाही.

लग्नाचा मांडव तिथं, मयताची बैठक तिथं. आणि चौदा एप्रिल तिथं. आदल्या रात्री सगळी वस्ती चुना आणि दोरी घेऊन माळावर. रात्री गायन पार्टीचा सामना. एक पार्टी आमची, एक बाहेरची, कधी नेरळकडची, कधी चौकची. हार्मोनियम, ढोलक, बेंजो. सवाल यायचा, त्याला गाण्यातून जवाब. बुद्धाच्या चरित्रातला सवाल असायचा, महाडचा असायचा, पुणे कराराचा असायचा. मी पहिल्यांदा पुणे कराराचं नाव ऐकलं ते शाळेत नाही, माळावर, पहाटे तीन वाजता, आईच्या मांडीवर अर्धा झोपेत. जब्बार पटेलांचा बाबासाहेबांवरचा सिनेमा २००० साली आला, तो आमच्या वस्तीला दिसायला आणखी सहा-सात वर्षं लागली. दोन करंजांच्या मधे धोतर ताणलं आणि त्यावर. वारा आला की बाबासाहेब हलायचे. सिनेमा संपल्यावर कुणी उठलं नाही. आमची आजी उठून धोतरापाशी गेली आणि त्या पांढऱ्या कपड्याला हात लावून नमस्कार करून आली.

पोरींचं वेगळं. माझी बहीण माझ्यापेक्षा चांगली चढाई करायची. सातवीत गेल्यावर आजीनं तिचं माळावरचं खेळणं बंद केलं. "आता पुरं झालं." आम्ही पोरगे काही बोललो नाही. उलट एक भिडू कमी झाला म्हणून चडफडलो फक्त. पण दिवेलागणीनंतर माळ बायांचा असायचा. भाकऱ्या झाल्या की ओहळाच्या अंगाला दहा-बारा जणी बसायच्या. तिथं पुरुषानं जायचं नाही असा न सांगितलेला नियम होता. काय बोलायच्या मला माहीत नाही. हसायचा आवाज यायचा.

हा माळ आला कुठून, ते आज्यानं सांगितलं होतं. आजा म्हणायचा, "ह्या जागंवर आपले लोक मेलेली ढोरं ओढून आणायचे. इथं सोलायचे. मी पोरगा असताना बघितलंय. वास जायचा नाय आठ-आठ दिस." आज्याचा जन्म १९४४ चा. १९२७ च्या मार्चमध्ये महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा म्हणून सांगितलं, ते आमच्या डोंगराच्या कडेला पोचायला वेळ लागला. १९५६ ला धर्मांतर झालं, आणि वस्तीनं त्या हंगामापासून ढोर ओढणं बंद केलं. गावानं बलुतं तोडलं. दोन वर्षं हाल काढले. जागा तशीच पडून राहिली. मग कधीतरी वस्तीच्या तरण्या पोरांनी हाडं वेचून ओहळाच्या पलीकडं पुरली, दगड काढले, शेणानं सारवून पहिल्यांदा जयंतीचा मांडव घातला. तेव्हापासून ती जागा माळ झाली. त्याच्या आधी तिचं जे नाव होतं ते मी इथं लिहीत नाही.

पेपरात लेख येतात, पारावरच्या गप्पा गेल्या, वडाखालची चावडी गेली, गावपण हरवलं. मी वाचतो. वाईट वाटत नाही. गावचा पार मारुतीच्या देवळापुढं आहे. आजा त्या पारावर पहिल्यांदा टेकला तेव्हा तो चाळिशीच्या पुढं होता आणि बाकीचे दोघं उठून गेले. आता त्या पाराला ग्रॅनाइट लावलंय, स्टीलचा कठडा आहे, आमदारनिधीची पाटी आहे. बसत कुणीच नाही. दगड तापतो. तर त्यांचं जे गेलं ते नाव असलेलं गेलं. आमचं गेलं त्याला नावच आम्ही दिलेलं होतं.

जमीन मात्र आमच्या नावावर होती, हे विसरू नका. ती वतनाची. गावकीच्या राबणुकीच्या बदल्यात मिळालेली पड. हे वतन म्हणजे गुलामी आहे म्हणून बाबासाहेबांनी १९२८ सालीच मुंबईच्या कौन्सिलात बिल मांडलं होतं. वतनं गेली ती १९५८ च्या कायद्यानं, १ ऑगस्ट १९५९ पासून. ज्यांनी सरकारात पैसे भरले त्यांना जमिनी परत नावावर मिळाल्या, पण नव्या शर्तीनं. भोगवटादार वर्ग २. म्हणजे कसा, पिकवा, पण कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकू नका. आमच्या पणज्यांनी भरले. तेव्हा सातबाऱ्यावर चार नावं होती. २०१७ साली सदतीस झाली होती.

आता सातबारा म्हणजे काय, तर गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. सातवर मालक कोण, बारावर पीक काय. भात, वरी, नाचणी, गवत. काही नसेल तर पड. सगळ्या महाराष्ट्राच्या जमिनीचा हिशेब या दोन नमुन्यांत बसतो. त्यात कबड्डीचा रकाना नाही. सवाल-जवाबाचा नाही. दहा-बारा बायांच्या हसण्याचा नाही. आमच्या माळापुढं वर्षानुवर्षं तलाठ्यानं एकच शब्द लिहिला होता, पड. तलाठ्याचा दोष नाही. दुसरं काय लिहिणार?

मग भाव आले. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे २००२ ला पुरा झाला तेव्हापासून आमच्या खालापूर तालुक्यात मोटारी थांबून डोंगराकडं बघायला लागल्या. २०१३ च्या जानेवारीत नवी मुंबई विमानतळाच्या प्रभावक्षेत्राचं, नैनाचं, नोटिफिकेशन निघालं. विमानतळाचं उद्घाटन व्हायला २०२५ चा ऑक्टोबर उजाडला, पण जमिनीवर त्याची सावली बारा वर्षं आधीच पडली. त्यात पनवेल-कर्जत लोकलचा नवा मार्ग, साडेएकोणतीस किलोमीटरचा, मधे चौक, मोहोपे, चिखले. वावर्ल्याच्या डोंगरात अडीच किलोमीटरच्या वर बोगदा. ज्या शेतात वर्षाला दहा पोती भात होत नव्हतं त्याला मुंबईचे लोक "व्ह्यू" आहे म्हणू लागले.

आमच्याकडं एजंट आला तो परका नव्हता. आपलाच. जयंतीच्या वर्गणीत त्याचं नाव पहिलं. घरोघर जाऊन जय भीम घालून बसला, चहा प्यायला. "वर्ग दोनची जमीन, तुमच्याच्यानं काय हुनार हाय? परवानगी आम्ही काढतो, नजराणा आम्ही भरतो, तुम्ही निस्त्या सह्या करा." सदतीस नावं. काही मेलेले, त्यांचे वारस. लग्न होऊन गेलेल्या बहिणी. कल्याणला एक, उरणला दोन, एक तर पार सुरतेला. त्यानं सगळ्यांना शोधलं. जयंतीच्या मिटिंगला इतकी माणसं कधी जमली नाहीत.

आमच्या घरात तेव्हा आईच्या पोटाचं ऑपरेशन अडलेलं होतं आणि बहिणीला नर्सिंगची फी भरायची होती. बाप बांधकामावर बिगारी. त्याच्या वाट्याला एक लाख चाळीस हजार येणार होते. बाप रात्रभर ओट्यावर बसून होता. सकाळी मला म्हणाला, "तू शिकलेला हाईस. कागद वाचून दाखव सगळ्यांना."

मी सतरा वर्षांचा होतो. वस्तीत नीट वाचणारा म्हणून माझं नाव होतं. शनिवारी विहारात सगळे जमले. साठेखत आणि कुलमुखत्यारपत्र, बारा पानं. मी उभा राहून वाचलं. खरं सांगतो, मला मजा आली. "लिहून देणार", "लिहून घेणार", "निर्वेध", "चतुःसीमा", असे जड शब्द मी न अडखळता म्हणत होतो आणि म्हातारी माणसं माझ्याकडं कौतुकानं बघत होती. चौथ्या पानावर एक वाक्य होतं. सदर मिळकत पडीक असून तिचा कोणत्याही प्रकारे उपयोग होत नाही. ते मी वाचलं. आणि पाचव्या पानावर गेलो.

कुणी थांबवलं नाही. मीही थांबलो नाही. त्याच माळावर आदल्या रविवारी मी कबड्डी खेळलो होतो, गुडघ्याची खपली ओली होती.

आज नऊ वर्षं झाली. मी कविता करतो, सभेत म्हणतो, टाळ्या मिळतात. ते वाक्य माझ्या तोंडातून गेलंय. मला किंमत कळली नाही असं नाही. पैसे चुकीचे होते असंही मी म्हणत नाही. आई आज जिवंत आहे. बहीण सरकारी दवाखान्यात नर्स आहे, तिच्या पगारावर आमचं पत्र्याचं घर पक्कं झालं. पुन्हा तीच वेळ आली तर बाप पुन्हा सही करील, मी पण करीन. पण वाक्य तरी खोडायला लावलं असतं. मिळकतीचा उपयोग होतो, आणि तरी आम्ही विकतो आहोत, असं लिहून घ्या म्हटलं असतं. भाव वाढला असता का? नसता. तरी.

पुढच्या वर्षी पत्र्याचं कुंपण, मग भिंत. खडक सुरुंगानं फोडला. तीन दिवस लागले. आता तिथं सहा मजल्यांच्या दोन इमारती आणि एक पोहायचा तलाव आहे. शनिवार-रविवारी दिवे लागतात, एरवी अंधार. मिलमध्ये एकदा रद्दीची गाठ फोडली तर त्यात जाहिरातीचे कागद निघाले, आमच्याच माळाचे. हिरवळीवर गोरं पोरगं चेंडूमागं पळतंय. खाली लिहिलं होतं, मुलांना खेळायला मोकळी जागा. ते मी पल्परमध्ये टाकलं नाही. घरी आणून ठेवलंय.

ही मोकळी जागा खोटी नाही. २०२० सालचे राज्याचे बांधकामाचे जे नियम आहेत त्यात चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर बांधायचं तर दहा टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी सोडावी लागते. रिक्रिएशनल ओपन स्पेस. आमचे बावीस गुंठे आणि शेजारच्या कुणब्याचं शेत मिळून भिंतीच्या आत घेतलंय, त्यातला तुकडा तसा सुटलाय. करंजाचं एक झाडही त्यात वाचलंय. म्हणजे सगळा माळ आमचा होता तेव्हा कागदावर तो पड. आता त्याचा एक कोपरा भिंतीत गेला तर तो कागदावर मनोरंजन.

गेटवर जो वॉचमन आहे तो माझा वर्गमित्र. लहानपणी आमच्या टीमचा डावा कोपरारक्षक, पकड अशी की सुटायचं नाही. मागच्या उन्हाळ्यात माझ्या चुलतभावाच्या पोराचा चेंडू भिंतीपलीकडं गेला. मी गेटवर गेलो.

"अरे, चेंडू गेलाय आत. करंजाखाली असंल."

तो म्हणाला, "वहीत नाव लिही."

"माझं? येड लागलं का तुला?"

"कॅमेरा हाय रं वर." त्यानं मान न वळवता सांगितलं. "येण्याचं कारण पण लिही."

मी लिहिलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं, चेंडू. तो स्वतः जाऊन चेंडू घेऊन आला. देताना हळूच म्हणाला, "रातपाळी असली का मी त्या करंजाखालीच बसतो." मग दोघंही काही बोललो नाही.

आजा हे बघायला नव्हता, २०१५ लाच गेला. असता तरी त्याला नवल वाटलं नसतं. तो लोअर परळच्या गिरणीत रिंगखात्यात होता. आपली माणसं बरीचशी रिंगखात्यातच. विणखात्यात तुटलेला धागा तोंडानं ओढून घ्यावा लागायचा, म्हणून अस्पृश्यांना तिथं येऊ देत नव्हते, बाबासाहेबांनी १९२८ च्या संपात हा प्रश्न लावून धरला होता. १८ जानेवारी १९८२ ला संप झाला. अडीच लाख कामगार. आजा वर्षभर थांबला, मग पेटी उचलून गावी आला. पेटी म्हणजे हार्मोनियम. आमची गायन पार्टी त्या पेटीवर उभी राहिली. माळावरची शेवटची उंचसखल जागा त्यानंच वस्तीला घेऊन सपाट केली, दर रविवारी, दोन उन्हाळे.

मी बारा-तेरा वर्षांचा असताना तो मला लोअर परळला घेऊन गेला होता. आपली गिरणी दाखवतो म्हणाला. गिरणी नव्हतीच. काच होती. शेजारच्या फिनिक्स मिलच्या आवारात मॉल, तिथं एके काळी बोलिंगचा खेळ पण निघाला होता म्हणे, लाकडी बाहुल्या चेंडूनं पाडायचा. आजा चिमणीकडं बघत राहिला. चिमणी ठेवली होती. मग पुढं रद्दीतल्या एका पुस्तकात मी वाचलं की १९९१ च्या नियमात गिरण्यांच्या जमिनी विकसित करायच्या झाल्या तर साधारण एक तृतीयांश मुंबईकरांच्या मोकळ्या जागेसाठी आणि एक तृतीयांश घरांसाठी द्यायची होती. २००१ मध्ये सरकारनं त्यात बदल केला. वाटणी सगळ्या जमिनीची नाही, आधीच जी मोकळी पडली आहे तेवढ्याचीच. गिरणीत मोकळी जागा किती असणार? सगळीकडं शेडच. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानं तो बदल कायम केला. एक शब्द बदलला आणि मुंबईची मैदानं गेली. शब्दांचं काम करणाऱ्यांनी, म्हणजे आपण, हे नीट बघितलं पाहिजे.

माळाचं झालं. आता नदीचं थोडं सांगतो, कारण माझं आजोळ कर्जतकडं, पेज नदीच्या काठाला.

पेज उन्हाळ्यातही वाहते. तिच्यात भिवपुरीच्या वीजघरातून सुटलेलं पाणी येतं. हे वीजघर १९२२ चं, आमच्या खोपोलीचं १९१५ चं. वर घाटावर धरण, डोंगराच्या पोटातून पाणी खाली पडतं, चक्र फिरतं, वीज मुंबईला जाते आणि पाणी आमच्याकडं. त्याच पाण्यावर राजनाल्याची दुबार भातशेती. मामा सांगायचा, "मुंबईत दिवे लागले का आपल्या डोहात पाणी चढतंय." वीज जास्त लागली की पाणी जास्त सुटायचं. आम्ही पोरं दगडावर बसून असायचो. कोणत्या दगडाला पाणी लागलं की बाहेर यायचं हे पाच वर्षांच्या पोराला ठाऊक. वरच्या दगडावरून आम्ही, पलीकडून कातकऱ्यांची पोरं, खालच्या अंगाला ठाकरांच्या बाया कपडे धूत. डोहाची वाटणी जातीनं होतीच, खोटं कशाला बोलू. पण पाणी बंद नव्हतं.

आता त्या काठाला फार्महाऊस. पाण्याकडं तोंड केलेले बंगले, पायऱ्या थेट नदीत. नदी विकत घेता येत नाही, पण नदीकडं जाणारी पायवाट ज्या शेतातून जाते ते शेत घेता येतं. कातकऱ्यांचं खेकडं-मासं तिथंच गेलं. पावसाळ्यात वेगळीच गंमत. मुंबईची पोरं दारू पिऊन धबधब्यात बुडतात, मग कर्जत-खालापूरच्या धबधब्यांवर आणि धरणांवर बंदीचा हुकूम निघतो. बुडतात हे खरं, मेलेल्या पोराच्या आईला हुकूमच बरा वाटेल. पण पोलीस वाटेत उभा असतो तो आमच्या पोरांनाही परत पाठवतो. ज्याला दगड ठाऊक आहेत त्यालाही.

करमणूक संपली असं नाही. २०१३ साली आमच्याच तालुक्यात सांगडेवाडीला इमॅजिका उघडलं. मोठमोठे पाळणे, तिकीट हजाराच्या वर. पैसे असतील त्यानं जावं, मजा करावी, माझं काही म्हणणं नाही. पण वस्तीतल्या पोराला विचारलं, खेळायला कुठं जातोस, तर तो मोबाईल दाखवतो.

आणि चौदा एप्रिल? दोस्तांनो, हे मला तुमच्यापुढं मुद्दाम मांडायचं आहे. माळ गेला त्या साली आम्ही जयंती रस्त्यावर काढली. रस्त्यावर माणसं बसत नाहीत. गायन पार्टीला बसलेला माणूस लागतो. सवाल ऐकायचा, विचार करायचा, समोरची पार्टी काय जवाब देते त्याची वाट बघायची, त्याला सहा तास आणि बूड टेकायला जमीन लागते. डीजेला जमीन लागत नाही. त्याला गाडी लागते आणि रस्ता लागतो. आपले पुढारी पोरांना शिव्या घालतात, डीजे लावून नाचता, विचार विसरलात. मी पण कवितेत घातल्या आहेत. पण पोरांनी विचार सोडला की विचाराला बसायला जागा राहिली नाही, हे आपण तपासलं का? आज्याची पेटी आमच्या माळ्यावर आहे. भाता उंदरानं कुरतडलाय.

मिटिंगचंही तेच. आता मिटिंग घ्यायची तर खोपोलीत हॉल भाड्यानं. वर्गणीतले निम्मे पैसे हॉलला. किंवा मोबाईलच्या ग्रुपवर. ग्रुपवर सगळे जय भीम म्हणतात आणि झोपतात. १९३८ च्या जानेवारीत खोतीच्या विरोधात बाबासाहेबांनी मुंबईत मोर्चा काढला, त्यात आपल्या या जुन्या कुलाबा जिल्ह्यातले शेतकरी होते. ते कुठंतरी आधी जमले असतील. कुठल्यातरी माळावर, खळ्यावर बसून ठरवलं असेल. इतिहासाच्या पुस्तकात मोर्चाची तारीख असते, त्या आधीच्या माळाचं काही नसतं.

आता आमच्याकडं एक तुकडा शिल्लक आहे. रेल्वेच्या अंगाला, गायरानातला, नऊ गुंठे. त्यावर अजून कुणाची नजर नाही, कारण मधे वीजेच्या तारा आहेत. आम्ही सात-आठ जणांनी ठरवलं, ग्रामसभेत अर्ज टाकायचा, ही जागा मैदानासाठी राखून ठेवा. मी कायदा शोधला. १९६६ च्या जमीन महसूल कायद्याचं बाविसावं कलम. कलेक्टर मोकळी सरकारी जमीन कशाकशासाठी राखून ठेवू शकतो त्याची यादी आहे. गुरचरण, स्मशान, गावठाण, खळं, बाजार. आणि एक आहे, मेलेली जनावरं सोलण्याची जागा. मी दोनदा वाचलं. आज्यानं जी जागा सोडली ती कायद्यात अजून आहे. खेळाचं मैदान त्या यादीत नावानं नाही. बागा, आणि "इतर सार्वजनिक प्रयोजन", त्यात बसवावं लागतं.

अडचण आहे. आमच्यातलेच काही जण म्हणाले, गायरान मैदानाला कशाला, घरांना मागू. त्यांचं चूक नाही. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला आणि पुन्हा १९६४ ला भूमिहीनांसाठी जे सत्याग्रह केले, हजारो माणसं तुरुंगात गेली, ते पडीक जमिनीसाठीच. आणि आता २०११ च्या जगपालसिंग निकालात सुप्रीम कोर्टानं गावाच्या सार्वजनिक जमिनी वाचवा म्हटलं, तर नोटिसा पहिल्या येतात त्या गायरानावर झोपडी घातलेल्या आपल्याच लोकांना. आम्ही वाचवा म्हणायला गेलो तर उद्या तेच हत्यार आपल्या झोपडीवर. हा वाद आमच्यात तीन रविवार चालला. विहाराच्या पायरीवर, उभ्यानं. शेवटी नऊ गुंठ्यांवर तारांखाली घर होतच नाही, या कारणानं मैदान ठरलं. तत्त्वानं नाही ठरलं.

अर्ज मी लिहिला. ग्रामसेवकानं नमुना दिला होता, त्यात एक ओळ होती, जागेचा सध्याचा वापर. तो म्हणाला, "पडीक लिहा, पटकन होईल." मी घरी घेऊन आलो. लिहिलं, मुलांचे खेळ, कबड्डी, क्रिकेट. जयंती, बुद्धपौर्णिमा. लग्नाचे मांडव. मयताची बैठक. गायन. म्हाताऱ्या माणसांचे पत्ते. हे अजून तिथं सगळं होत नाही, पण चार रविवारांपासून पोरं खेळायला लागली आहेत आणि गेल्या आठवड्यात एक मयत तिथंच बसवलं.

बहीण ड्युटीवरून आली होती. तिनं अर्ज उभ्या-उभ्या वाचला. म्हणाली, "आणि बाया?"

"काय बाया?"

"संध्याकाळच्या बसायच्या त्या. ओहळापाशी. ते लिही की."

मी म्हटलं, त्याला काय म्हणून लिहू. ती म्हणाली, "बाया बसतात, असं लिही." तिनंच पेन घेतलं आणि माझ्या ओळीच्या खाली, जागा नव्हती तिथं, आडवं लिहिलं. ग्रामसभा एक मेला आहे. त्या दिवशी माझी पहिली पाळी आहे, बदली कुणी घेतो का ते बघतोय.